कोरणी आणि मॅटरहॉर्न

1860 साली लंडनचे प्रकाशक विल्यम लाँगमन यांनी आल्प्सच्या शिखरांची रेखाटने करून आणण्याची कामगिरी ज्या वीस वर्षांच्या तरुणावर सोपविली, त्या एडवर्ड व्हिम्परने तोवर आल्प्स डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. वडिलांच्या कारखान्यात लाकडावर चित्रे कोरणे, एवढाच त्याचा धंदा. छायाचित्रे छापण्याची सोय दुर्मीळ असलेल्या त्या काळी ग्रंथांतील चित्रे बॉक्सवुडच्या ठोकळ्यावर उलटी उतरवून घेत आणि कागदावर जे पांढरे राहावयाचे तेवढे पोलादी कोरणीने काढून टाकून काळ्या रेषा उंच राखीत. आणि एखादा उतार किती उभा, एखादी कपार किती खोल, हे केवळ रेषांच्या दाट-विरळपणाने दाखवावयाचे असल्यामुळे या कारागिराला खडकाचा कल आधी नीट ओळखावा लागे. व्हिम्परच्या पुढच्या पर्वतारोहणाचे मर्म त्याच्या धाडसापेक्षा या तयार नजरेत आहे, असे मला वाटते.

आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखरावर इटलीच्या बाजूने तो पुनःपुन्हा चढला, 1862 मध्ये एकटाच असता सुमारे दोनशे फूट गडगडत जाऊन रक्तबंबाळ झाला, आणि दर खेपेस माघारी फिरला. स्वित्झर्लंडकडील झरमॅट गावाहून उभ्या भिंतीसारखी भासणारी पूर्वेची बाजू सगळे अजिंक्य समजत. परंतु तीच कडेने न्याहाळली असता तिचा चढ चाळीस अंशांहून फारसा अधिक नाही, आणि खडकांचे थर इटलीकडे कललेले असल्यामुळे तिकडे जे उतरत्या कौलांसारखे निसटते तेच इकडे पायऱ्यांसारखे पायाला आधार देते, हे त्याने हेरले. 14 जुलै 1865 रोजी याच बाजूने व्हिम्परसह सात जण माथ्यावर पोहोचले.

उतरताना त्यांतल्या नवख्या हॅडोचा पाय सुटला, त्याच्या धक्क्याने मार्गदर्शक मिशेल क्रो, आणि मागोमाग हडसन व लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, असे चौघे कड्यावरून गेले. दुसरा मार्गदर्शक थोरला टाउगवाल्डर याच्या पुढचा दोर तुटला म्हणूनच उरलेले तिघे वाचले. दोर कापल्याचे किटाळ टाउगवाल्डरवर आले. झरमॅटला रीतसर चौकशी होऊन, जबान्या नोंदल्या जाऊन तो निर्दोष ठरला. 1871 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आल्प्सवरील ग्रंथात व्हिम्परने त्या दिवशी वापरलेल्या तीन प्रकारच्या दोरांचे चित्र दिले. त्यांतला सर्वांत कमकुवत तोच तुटला होता. त्या मृत्यूंचा पुरावाही त्याने शब्दांइतकाच चित्राने मांडावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

1879 च्या अखेरीस विरळ हवेचा देहावर होणारा परिणाम अभ्यासण्यासाठी तो एक्वादोरला गेला, आणि मॅटरहॉर्नवरचा जुना प्रतिस्पर्धी, इटालियन मार्गदर्शक झाँ-आंत्वान कारेल याला बरोबर घेऊन 1880 मध्ये तिथले चिंबोराझो शिखर चढला. त्या प्रवासाचा ग्रंथ निघेतो बारा वर्षे लोटली, यांत्रिक ठशांपुढे काष्ठकोरकांचे कारखाने बसत चालले. त्याने मात्र त्यातील चित्रे लाकडावरच कोरली.