ढोकरी आणि मॉस

पावसाळ्यात मुलांना मुठेच्या काठी नेले, तर एखाद्या जुन्या दगडी बांधावर दोन जीव शेजारी शेजारी दिसू शकतात. वर मातकट रंगाची ढोकरी मान आखडून बसलेली असते आणि खाली दगडाच्या फटीत मखमलीसारखे मॉस असते. ढोकरी उडाली की पांढरेशुभ्र पंख पाहून मुले ओरडतात. मॉसकडे कोणाचे लक्ष जात नाही. विज्ञानाच्या इतिहासातही असेच घडले.

१८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला सांख्यिकी माहिती जमवण्याचे काम दिले. दख्खनमध्ये हिंडताना साइक्स यांनी पक्षीही नोंदवले. १८३२ मध्ये त्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात छापली गेली आणि तिच्यातून ढोकरीला शास्त्रीय नाव मिळाले. आज ते ‘आर्डिओला ग्रेयाय’ असे लिहितात.

आपल्या भागातील मॉसचे काही नमुने अधूनमधून युरोपात जात होते. पण मुंबई इलाख्यात नेटाने संकलन झाले ते विसाव्या शतकाच्या प्रारंभी. ते करणारे एल. जे. सेज्विक हेही मोजदादीतलेच अधिकारी! १९२१ मध्ये इलाख्याची जनगणना त्यांच्याच देखरेखीखाली झाली. त्यांचे नमुने एच. एन. डिक्सन तपासत. डिक्सन इंग्लंडमध्ये कर्णबधिर मुलांचे शिक्षक होते. मॉसच्या एका प्रजातीला ‘ब्रायोसेज्विकिया’ हे नाव सेज्विक यांच्यावरूनच दिले गेले.

एवढा उशीर का झाला? ढोकरी दुरून ओळखता येते आणि लोकभाषेत तिला ढोकरी, वंचक अशी नावे आहेत. मॉसला मात्र आपण सरसकट ‘शेवाळ’ म्हणतो. त्याची पाने बहुधा एका पेशीच्या जाडीची असतात. उन्हाळ्यात ते सुकून काळपट होते आणि पाऊस पडताच पुन्हा हिरवे होते. जात ठरवायला सूक्ष्मदर्शक लागतो. त्यामुळे खंडाळा व महाबळेश्वर येथील मॉसवर जी. टी. दाभाडे यांचा ग्रंथ निघायला १९९८ साल उजाडले.

एखाद्या मॉसची नोंद एक-दोन ठिकाणांहूनच असली की आपण त्याला दुर्मीळ म्हणतो. पण ते खरोखर कमी आहे, की पाहणारे कमी आहेत? नुसत्या नोंदींवरून हे ठरत नाही. दहापट भिंग घेऊन जुलै ते सप्टेंबर शाळेच्या कुंपणाची एकच भिंत मुलांना दर आठवड्याला पाहू द्या. भिंतीची दिशा, ओल, मॉसच्या देठावरची बोंडे आणि तारीख वहीत लिहायला सांगा. या नोंदींपासूनही सुरुवात होऊ शकते.