उत्तर अटलांटिक वायुकलिल व सागरी परिसंस्था अभ्यास (नेम्स)

समुद्रातील प्लवकांचे (पाण्यात तरंगत राहणाऱ्या जीवांचे) वार्षिक चक्र आणि त्यांच्यावरच्या हवेतील सूक्ष्म कण (वायुकलिल) व ढग यांचा संबंध तपासण्यासाठी नासा या अमेरिकन संस्थेने उत्तर अटलांटिक महासागरात राबवलेली संशोधन मोहीम (२०१५–१८). ओरेगन स्टेट विद्यापीठातील मायकल बेरनफेल्ड हे तिचे प्रमुख संशोधक होते.

पार्श्वभूमी : पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ निम्मा वाटा वनस्पतिप्लवकांचा आहे. एमिलियानिया हक्सलेयीसारख्या जातींच्या पेशींत गंधकयुक्त संयुगे असतात. प्राणिप्लवकांनी पेशी खाल्ली किंवा विषाणूंमुळे ती फुटली, की त्या संयुगांपासून डायमिथिल सल्फाइड हा वायू तयार होतो. समुद्राच्या ओळखीच्या वासात या वायूचाही अंश असतो. हवेत त्याचे ऑक्सिडीभवन होऊन सल्फेटचे कण बनतात. कण हवेत जाण्याची दुसरी वाट लाटांची. लाट फुटताना पाण्यात हवेचे बुडबुडे कोंडले जातात. ते पृष्ठभागावर येऊन फुटले, की मीठ आणि सेंद्रिय द्रव्याचे तुषार वाऱ्यावर उडतात. दोन्ही प्रकारच्या कणांवर बाष्प साचून ढगांचे थेंब तयार होतात.

रॉबर्ट चार्ल्सन, जेम्स लव्हलॉक, माइनराट आन्द्रेए व स्टीफन वॉरेन यांनी १९८७ मध्ये मांडलेले गृहीतक त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ‘क्लॉ’ म्हणून ओळखले जाते. प्लवक ढग वाढवतात, ढग ऊन परतवतात आणि तापमान आटोक्यात राहते, असा त्याचा आशय. पॅट्रिशिया क्विन व टिमोथी बेट्स यांनी २०११ मध्ये त्यावर सविस्तर आक्षेप घेतले.

पद्धती : ‘अटलांटिस’ हे जहाज आणि नासाचे सी-१३० विमान यांच्या साह्याने नोव्हेंबर २०१५, मे-जून २०१६, ऑगस्ट-सप्टेंबर २०१७ आणि मार्च-एप्रिल २०१८ अशा चार फेऱ्या झाल्या. प्लवकांच्या चक्राचा प्रत्येक टप्पा हाती यावा, म्हणून हे चार हंगाम निवडले होते. जहाजावर पाण्याचे व हवेचे नमुने घेतले जात. विमानातून लेसर किरण सोडून कण आणि पाण्याचा वरचा थर तपासला जाई. ‘सी स्वीप’ या तरंगत्या यंत्रणेत मुद्दाम बुडबुडे फोडून ताजे तुषार पकडले जात. त्यामुळे समुद्रातून थेट उडालेले कण व हवेत नंतर बनलेले कण वेगळे ओळखता आले.

निष्कर्ष : ढगबीज ठरणाऱ्या कणांत (हवेतील बाष्प संपृक्ततेपेक्षा ०.१ टक्के जास्त असताना) सागरी तुषारांचा वाटा शरद ऋतूच्या अखेरीस ५५ टक्के, तर वसंताच्या अखेरीस केवळ ४ टक्के आढळला. मुख्यतः जैविक उगमाच्या नव्या सल्फेट कणांचा वाटा दोन्ही वेळी सुमारे एक-तृतीयांश होता; मात्र त्यांची संख्या दर घन सेंमी.ला ७ वरून ३६ वर गेली. प्लवकांचा बहर केवळ वसंतातल्या उन्हाने येत नाही, या बेरनफेल्ड यांच्या मतालाही मोहिमेने बळ दिले. हिवाळ्यात पाणी खोलवर घुसळले जाते, भक्षक व भक्ष्य विरळ होतात, त्यामुळे प्लवक कमी खाल्ले जातात आणि बहराची पायाभरणी तेव्हाच होते.

महत्त्व : प्लवक आणि ढग यांचे नाते खरे आहे, पण ते ऋतू, वारा आणि कणांच्या उगमाप्रमाणे बदलते, त्यामुळे एकाच सरळ सूत्रात बसत नाही. धूर व प्रदूषणाने ढगांत किती बदल केला हे ठरवायचे, तर स्वच्छ सागरी हवेतील मूळ कण आधी मोजावे लागतात. भारतातही या दिशेने काम झाले असून गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने भारतीय किनाऱ्याजवळच्या पाण्यातील डायमिथिल सल्फाइडचा अभ्यास केला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला नासाचा ‘पेस’ उपग्रह प्लवक, वायुकलिल व ढग यांचे एकत्रित निरीक्षण करतो.