साथीची बेगमी

पावसाळा तोंडावर आला कीं आपल्याकडील गृहिणी कोणी न सांगतां बेगमीस लागे. तांदूळ, डाळी, पापड, लोणचीं, सरपण यांची व्यवस्था मृगाआधीं झाली पाहिजे, हें तिला सासूकडून कळलेलें असे, आणि सासूला तिच्या सासूकडून. पावसाळा दरवर्षीं येतो, म्हणून ही विद्या घरांत टिकली. साथीचा रोग मात्र पिढीदोन पिढ्यांनीं येतो. आणि तो ओसरून बराच काळ लोटला म्हणजे त्याविषयींचें घरगुती ज्ञान तें कमावणाऱ्या माणसांबरोबरच नाहींसें होतें. पुढची साथ दाराशीं येते तेव्हां घर पुन्हां अजाण असतें.

आजच्या भाषणांत महाराष्ट्रानें पाहिलेल्या तीन मोठ्या साथींचा, म्हणजे १८९६ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा आणि २०२० चा कोरोना यांचा, विचार करावयाचा आहे. सरकारनें काय केलें हें इतिहासाच्या पुस्तकांतून सांपडतें. आपण मात्र घराच्या उंबरठ्यावर उभे राहून पाहूं. अशा वेळीं घरानें कोणती तयारी केली, आणि तिचा उपयोग कितपत झाला, एवढाच आपला प्रश्न आहे.

प्रथम प्लेगाची गोष्ट घेऊं. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं गांठीच्या तापाचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे बंदरालगतचा, धान्याच्या वखारींनीं गजबजलेला भाग. या रोगाचा जंतु दोनच वर्षांपूर्वीं, १८९४ सालीं, हाँगकाँग येथें सांपडला होता. परंतु तो माणसाच्या शरीरांत कोणत्या वाटेनें शिरतो हें कोणास ठाऊक नव्हतें. तेव्हां घाण हेंच रोगाचें मूळ समजून अधिकाऱ्यांनीं गटारें धुतलीं, भिंतींना चुना दिला, कार्बोलिक शिंपडलें, कौलें काढून काळोख्या खोल्यांत ऊन आणलें, आणि कित्येक घरांवर 'मनुष्यवस्तीस अयोग्य' अशा अर्थाचीं यू. एच्. एच्. हीं इंग्रजी अक्षरें रंगविलीं.

वस्तुतः हा रोग उंदरांचा. उंदीर मेला कीं त्याच्या अंगावरील पिसवा तें थंड पडूं लागलेलें शरीर सोडतात व जवळ असलेल्या माणसाकडे वळतात. १८९८ सालीं कराचींत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें हें प्रयोगानें दाखविलें. पण तें बहुतेकांस पटलें नाहीं. १९०५ पासून परळ येथें झालेल्या पद्धतशीर संशोधनानंतरच तें निर्विवाद ठरलें. म्हणजे जवळजवळ दहा वर्षें सरकार आणि घर या दोघांनींही अंधारांतच काठी फिरविली.

तरीसुद्धां घराला एक गोष्ट शास्त्राच्या आधीं कळली होती. घरांत उंदीर पडूं लागले कीं तें घर सोडावयाचें, हा नियम लोकांनीं अनुभवानें बसविला. गढवाल-कुमाऊंच्या डोंगरांतील लोकांचा हा परिपाठ तर एकोणिसाव्या शतकांत, मुंबईच्या साथीच्या पूर्वींच, नोंदला गेला होता. आपल्याकडे गांवेंच्या गांवें उठून माळावर, मळ्यांत, गवताच्या व तट्ट्यांच्या झोपड्यांत राहूं लागलीं. पुढें कित्येक वर्षें हिंवाळा आला कीं कोठें तरी ही वेळ येई. काय न्यावयाचें, काय मागें ठेवावयाचें, धान्य कोठें राखावयाचें, गुरांची सोय कोण पाहणार, हें सर्व त्या पिढीच्या घरांना पाठ झालें होतें. पिसवा मागें राहत, माणसें दूर जात. कारण ठाऊक नसतांनाही कृति बरोबर ठरली.

याच विद्येचें दुसरें रूप मात्र घातक होतें. मुंबईवर भीतीची छाया पडतांच लोक आगगाडीनें व आगबोटीनें पळूं लागले, आणि १८९७ च्या आरंभीं जवळजवळ निम्में शहर रिकामें झालें असे तत्कालीन अंदाज आहेत. गांवाबाहेरच्या माळावर जाणें निराळें, आणि अंथरुणापांघरुणाचीं गांठोडीं घेऊन शेंकडों मैल दूरच्या घरीं जाणें निराळें. पहिल्यानें माणूस रोगापासून दूर होत असे; दुसऱ्यानें कित्येकदां रोगच माणसाबरोबर प्रवासास निघे. 'घर सोडावें' या एकाच वाक्याचे असे दोन अर्थ होते, आणि त्यांतील भेद समजावून सांगणारा कोणी नव्हता.

समजावून सांगण्याऐवजीं धाक घालण्याचा मार्ग पत्करला गेला. १८९७ च्या फेब्रुवारींत साथरोगांचा कायदा झाला. पुण्यांत रँड साहेबांच्या हाताखालीं सोजीर घरोघर शिरूं लागले. स्वयंपाकघर व देवघर यांचाही मुलाहिजा राहिला नाहीं. सामान जाळलें गेलें, आणि बायकांची तपासणी चारचौघांत होऊं लागली. २२ जून १८९७ च्या रात्रीं चाफेकर बंधूंनीं झाडलेल्या गोळ्यांची हकीकत आपणां सर्वांस माहीत आहे. परंतु त्या जुलमाचा एक परिणाम इतिहासांत कमी सांगितला जातो. घरें रोगी लपवूं लागलीं. ताप आलेला मुलगा माळ्यावर, गांठ आलेली सून धान्याच्या कोठींत, आणि बाहेर सर्व कांहीं ठीक असल्याचा बहाणा! रोगापेक्षां तपासनिसाचें भय मोठें झालें, आणि लपविलेल्या रोग्याला ना औषध मिळालें ना मोकळी हवा. मुंबईंत १८९६ च्या आक्टोबरांत आर्थर रोड इस्पितळावर गिरणीकामगारांचा जमाव चालून गेला, आणि ९ मार्च १८९८ रोजीं एका आजारी मुलीच्या तपासणीवरून शहरांत दंगा उसळला, तो याच भयाचा स्फोट होता.

याच्या उलट अनुभवही त्याच काळांत आला. मुंबईंत निरनिराळ्या जमातींनीं आपापलीं इस्पितळें उघडलीं, पुण्यांत टिळकांनीं हिंदूंसाठीं इस्पितळ काढण्यास पुढाकार घेतला, आणि जेथें आपलीं माणसें शुश्रूषेस आहेत असें दिसलें, तेथें लोक रोग्याला घेऊन येण्यास कमी कचरूं लागले. पुण्याजवळ डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यांत सावित्रीबाई फुले स्वतः रोग्यांची सेवा करीत होत्या. त्या सेवेंतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्याच वर्षीं, १० जानेवारी रोजीं, वाल्देमार हाफकिन यांनीं मुंबईंत प्लेगाची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. पुढें आगाखान यांनींही आपल्या अनुयायांची भीति घालविण्यासाठीं स्वतःला टोचून घेतलें. हुकुमानें जें साधलें नाहीं, तें कांहीं अंशीं अशा उदाहरणांनीं साधलें.

आतां १९१८ कडे वळूं. त्या वर्षीं १० जून रोजीं मुंबईंत सात पोलीस शिपाई, त्यांतील एक गोदीवर नेमलेला, तापानें आजारी पडून इस्पितळांत गेले. पहिली लाट सौम्य होती. दुसरी सप्टेंबरांत आली, आणि ६ आक्टोबर या एकाच दिवशीं मुंबईंत ७६८ मृत्यु नोंदले गेले. आपल्याकडे या तापास 'मानमोडी' असें नांव पडलें. सबंध हिंदुस्थानांत या साथीनें सुमारें सव्वा ते दोन कोटींच्या दरम्यान बळी घेतले असें अभ्यासक मानतात. पहिल्या महायुद्धांत साऱ्या जगांतील मिळून जेवढे सैनिक पडले, त्याहून ही संख्या कमी नव्हे.

प्लेगानें शिकविलेली विद्या या वेळीं निरुपयोगी ठरली. उंदीर पडले नाहींत, म्हणजे धोक्याची घंटाच वाजली नाहीं. रोग श्वासावाटे पसरत होता. त्यामुळें माळावर झोपडी बांधली तरी आजारी माणूस त्याच झोपडींत असे. रोगाचा विषाणु तर १९३३ पर्यंत कोणी वेगळा करूं शकलें नव्हतें. औषध नव्हतें, लस नव्हती, आणि न्यूमोनियावर उपयोगी पडणारें पेनिसिलिन पुढच्या जमान्यांतलें. त्यांतून त्या वर्षीं पाऊस दगावला, धान्य महागलें, आणि अर्धपोटीं शरीरावर ताप स्वार झाला.

या साथीचा घराला बसलेला खरा फटका एका साध्या गोष्टींत होता. घरांतील सर्वच माणसें एकाच वेळीं अंथरुणावर पडत, आणि तोंडांत पाण्याचा घोट घालणारें कोणी उरत नसे. ज्या रोगावर औषध नाहीं, त्यांत पाणी, पेज, ऊब आणि विसांवा हींच औषधें होत. तीं देणारा हात नसला तर वांचणारा रोगीही दगावतो. शिवाय ही साथ म्हाताऱ्यांपेक्षां वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांवर अधिक तुटून पडली, आणि आपल्या देशांत पुरुषांपेक्षां बायका अधिक मेल्या. घरांत शेवटीं जेवणारी आणि आजाऱ्याच्या उशाशीं रात्रभर बसणारी तीच होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्याचा उलगडा पुष्कळसा होतो. मुंबईच्या आंकड्यांत दुसरीही एक विषमता दिसते : युरोपियनांत दर हजारीं आठनऊ माणसें मेलीं, तर अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींत हेंच प्रमाण हजारीं साठांच्या वर गेलें. रोग एकच, पण घर निराळें. हवेशीर बंगला आणि चाळींतील एक खोली यांच्यामधील अंतर मृत्यूच्या वहींत असें उतरलें.

तिसरी साथ आपल्यापैकीं बहुतेकांनीं स्वतः पाहिली. ११ मार्च २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोरोनास जगाची साथ म्हणून जाहीर केलें, आणि २५ मार्चपासून सबंध देश घरांत बंद झाला. ज्या कायद्याचा आधार घेण्यांत आला, त्यांत तोच १८९७ चा कायदाही होता. घरोघर डाळतांदुळांच्या राशी लागल्या. भाजी सोड्याच्या पाण्यांत धुतली गेली. दाराच्या कड्या पुसल्या गेल्या. पुढें कळलें कीं हा रोग मुख्यतः कोंडलेल्या हवेंतून पसरतो, आणि कडी पुसण्यापेक्षां खिडकी उघडण्यास अधिक महत्त्व आहे. कार्बोलिकची कथा अशी सव्वाशें वर्षांनीं पुन्हां घडली.

आणि ज्यांचें पोट रोजच्या मजुरीवर, त्यांना बेगमी कसली? ते पायीं गांवाकडे निघाले. ८ मे २०२० रोजीं करमाडनजीक रुळांवर विसांवा घेत झोंपलेले सोळा मजूर मालगाडीखालीं चिरडले गेले. भरलेल्या कोठ्यांच्या घरांनीं हा प्रसंग विसरूं नये. याच काळांत धारावींत, जेथें एका खोलींत आठदहा माणसें राहतात व शौचकूप सामायिक असतो, तेथें 'वेगळ्या खोलींत राहा' हा उपदेश व्यर्थ होता. म्हणून शाळा व सभागृहें मोकळीं करून रोग्यांची सोय बाहेर केली गेली, डॉक्टर दारोदार फिरले, आणि साथ आटोक्यांत आली. सोजीर दारोदार फिरले होते तेव्हां रोगी लपले. जेवण, खाट व उपचार यांची हमी घेऊन डॉक्टर फिरले तेव्हां रोगी पुढें आले.

तेव्हां पुढच्या साथीसाठीं घरानें करावयाची बेगमी कोणती? महिनाभराचें धान्य, नित्याचीं औषधें, साबण, मुखपट्ट्या, ताप मोजण्याची नळी, रक्तांतील प्राणवायु मोजणारें लहानसें यंत्र, हें सर्व असावें. पण तेवढ्यावर थांबूं नये. शांत वेळीं बसून चार गोष्टींचा निर्णय करून ठेवावा. आजारी माणसास कोणत्या खोलींत ठेवावयाचें, आणि त्या खोलीची खिडकी उघडते कीं नाहीं. शुश्रूषा कोण करणार, आणि तें माणूस पडलें तर त्याच्या जागीं कोण. ही जबाबदारी न बोलतां घरांतल्या एकाच बाईच्या माथीं येऊं नये. वाईट वेळीं ज्याच्या दारावर थाप मारतां येईल असा शेजारी कोण, आणि आपण कोणाचे तसे शेजारी आहों. आणि आपल्या घरीं राबणाऱ्या माणसांना काम बंद असतांही पगार पोंचेल अशी सोय आहे कीं नाहीं.

पांचवी गोष्ट मनाची आहे. मागल्या साथीचा धडा पुढच्या साथीस जसाच्या तसा लागू पडत नाहीं. उंदरांच्या रोगांत घर सोडणें हा उपाय. श्वासाच्या रोगांत घरीं थांबून खिडकी उघडणें हा उपाय. आणि यानंतरची साथ कदाचित् पाण्यांतून येईल. म्हणून रोग कोणत्या वाटेनें येतो हें प्रथम विचारावें, जाणत्यांकडून समजून घ्यावें, आणि नवें कळतांच जुनें सोडण्याची लाज बाळगूं नये. आणि रोग लपवूं नये. लपवावा असें कोणास वाटूं नये अशी वागणूक शेजाऱ्यानें, सोसायटीनें आणि सरकारनेंही ठेवावी; कारण ताप आलेल्या माणसाला बहिष्काराचें भय वाटूं लागलें कीं पुण्याचें १८९७ साल पुन्हां सुरू झालें असें समजावें.

श्रोतेहो, २०२० आणि २०२१ मध्यें आपल्या घरीं काय घडलें, काय उपयोगी पडलें, काय कमी पडलें, कोण धांवून आलें, हें एका वहींत लिहून ठेवा आणि ती वही मुलांच्या हातीं द्या. आज आठवणी ताज्या आहेत; आणखी तीस वर्षांनीं त्या राहणार नाहींत, आणि साथ तर आपल्या सोयीनें यावयाची नाहीं.