तलवारीपासून तारेपर्यंत

परभणीत भाच्याच्या नव्या इलेक्ट्रिक गिटारला मी 9 ऐवजी 10 गेजच्या जाड तारा चढवल्या. ताण वाढून मान वाकली. ट्रस रॉड आवळला, ब्रिज सरकवून सूर मिळवले. तार बदलली की वाद्य नव्याने जुळवावं लागतं.

मिरजेच्या मुस्लिम कारागिरांची ही पिढीजात विद्या. एकोणिसाव्या शतकात तिथले शिकलगार तलवारींना धार लावत. लढाया संपल्या, काम आटलं. फरीदसाहेब वाद्यदुरुस्तीकडे वळले आणि शिकलगारांचे सतारमेकर झाले. भोपळा पंढरपूरकडचा, जवारी कानशीने घासून, कानाने पारखून लावलेली.

2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मैफिलीत दाद गायकाला मिळते; तंबोरा लावणाऱ्या हातांची नोंद मात्र आपल्याच इतिहासात अपुरी आहे. हे हात अजून कामात आहेत, तोवर ती करू या.