पद्मिनीचा पत्रा
वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, मी उमेदवारीपासून ठोकत आलो. उस्तादांनी शिकवलं ते असं: पोचा मधून उचलायचा नाही, कडेपासून यायचं. आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, वरून हातोडी, आणि डोळ्यांपेक्षा तळहातावर भरवसा. पत्रा ताणून फुगला, तर गॅसनं रुपयाएवढा ठिपका लाल करायचा, ओलं फडकं दाबायचं, तो आकसतो. उरलेला खळगा तेव्हा शिसं-कथलाच्या डाखानं भरत. मग पुटी आली. काम झटपट होऊ लागलं, आणि जाड पुटीखाली गंज वाढू लागला. ते मला आजही सहन होत नाही. २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईतून गेली. तुमच्या दारात एखादी उभी असेल, तर आधी पत्रा नीट ठोकून घ्या. पुटी शेवटी, आणि अगदी पातळ.