विस्तारणारे विश्व आणि अल्पमतातला शास्त्रज्ञ : डॉ. जयंत नारळीकर

छत्रपती संभाजीनगर : गुलमंडीच्या चौकात सायंकाळच्या गर्दीत उभे असताना एखादी मोटारसायकल सलग हॉर्न वाजवीत जवळून गेली आणि पैठणगेटच्या दिशेने निघाली, की तिच्या आवाजातला फरक सहज ध्यानात येतो. जवळ येताना चढा असलेला तो स्वर दूर जाताना एकाएकी उतरतो. दूर जाणाऱ्या स्रोताच्या लहरी ताणल्या जातात, त्याचा हा परिणाम. प्रकाशाच्या बाबतीतही असेच घडते. दूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशातील रेषा वर्णपटाच्या तांबड्या टोकाकडे सरकलेल्या दिसतात, आणि दीर्घिका जितकी दूर तितके हे सरकणे अधिक, हे एडविन हबल या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये दाखवून दिले. काटेकोरपणे बोलायचे तर दीर्घिका अवकाशातून धावत नाहीत, अवकाशच ताणले जाते. निष्कर्ष मात्र एकच होता : विश्व विस्तारत आहे.

मग या विस्ताराला आरंभ होता काय? या प्रश्नाला आयुष्यभर भिडलेला मराठी माणूस म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आरंभ होता, हे उत्तर जगातील बहुतेक शास्त्रज्ञांनी स्वीकारल्यानंतरही त्यांनी ते स्वीकारले नाही. महाराष्ट्राने त्यांच्यावर अपार प्रेम केले; परंतु त्यांचा वैज्ञानिक वाद नेमका काय होता, हे त्यांच्या कथा वाचून वाढलेल्या अनेकांनाही नीटसे ठाऊक नसते.

बनारसचा फळा

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे केंब्रिजमध्ये शिकलेले गणिती. पंडित मदनमोहन मालवीयांच्या निमंत्रणावरून ते १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतावर भारतात काम करणाऱ्या पहिल्या पिढीतील हे नाव होय. आई सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. तर संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार हे मामा.

शिक्षणासाठी बनारसला राहिलेले दुसरे मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, यांची एक आठवण नारळीकर आवर्जून सांगत. घरातल्या फळ्यावर मोरूमामा 'जयंतला आव्हान' म्हणून गणिताचे एखादे कोडे लिहून ठेवीत. ते सुटेपर्यंत, किंवा भाच्याने हार मानेपर्यंत, फळा पुसला जात नसे. पाठ्यपुस्तकाबाहेरच्या या गणितांनीच आपल्याला विषयाची गोडी लागली, असे नारळीकर मानीत.

बनारस हिंदू विद्यापीठातून १९५७ मध्ये बी.एस्सी. झाल्यावर ते टाटा शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले. १९५९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ते पहिले आले, म्हणजेच सीनियर रँग्लर झाले; पाठोपाठ खगोलशास्त्रासाठीचे टायसन पदकही मिळाले. संशोधनासाठी त्यांना मार्गदर्शक लाभले फ्रेड हॉईल, आणि तिथेच त्यांच्या पुढील साऱ्या वादांची बीजे पडली.

गुरूच्या जागी उभा राहिलेला विद्यार्थी

हॉईल यांनी १९४८ मध्ये हरमन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांच्यासह स्थिर स्थिती सिद्धांत मांडला होता. विश्व विस्तारते, हे त्यांनाही मान्य होते. (महाराष्ट्रात अनेकांचा असा समज आहे की नारळीकरांनी विश्वाचा विस्तारच नाकारला, तो चुकीचा आहे.) त्यांचे म्हणणे असे, की दीर्घिका एकमेकींपासून दूर जाताना जी पोकळी निर्माण होते, तिथे अत्यंत संथ गतीने नवे द्रव्य जन्माला येते. त्यामुळे विश्वाची सरासरी घनता सदैव तीच राहते, आणि विश्वाला ना आदी ना अंत. उलट बाजूचे शास्त्रज्ञ काळाचे चक्र मागे फिरवून म्हणत, की सारे विश्व कधीतरी एका अतिघन, अतितप्त अवस्थेत असले पाहिजे. या कल्पनेला 'बिग बँग' अर्थात महास्फोट हे नाव १९४९ मध्ये बीबीसीवरील भाषणात खुद्द हॉईल यांनीच दिले. विरोधकाने दिलेले नावच पुढे सिद्धांताला चिकटले!

त्या काळात हा वाद निव्वळ रुचीचा नव्हता. हबलच्या मोजमापांनुसार विस्ताराचा आरंभ दोन अब्ज वर्षांहूनही अलीकडचा ठरत होता; पृथ्वीचे वय मात्र त्याहून जास्त निघत होते. लेक आईपेक्षा वयाने मोठी, असा हा प्रकार. पुढे अंतराच्या मोजमापातील चूक लक्षात आली आणि ही अडचण दूर झाली. परंतु १९४८ मध्ये स्थिर स्थितीचा पर्याय गांभीर्याने घेण्यास ते सबळ कारण होते.

१९६१ च्या फेब्रुवारीत केंब्रिजमधीलच रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राईल यांनी आकाशातील रेडिओ स्रोतांची गणना जाहीर केली. दूरचे, म्हणजेच भूतकाळातले, क्षीण स्रोत अपेक्षेपेक्षा फार अधिक आहेत. अर्थात विश्व पूर्वी वेगळे होते आणि स्थिर स्थिती खोटी ठरली, असा त्यांचा दावा होता. वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत उत्तर द्यायचे होते आणि हॉईल यांना त्या दिवशी अन्यत्र जाणे भाग होते. त्यांनी ते काम सोपविले बावीस वर्षांच्या नारळीकरांवर. दीर्घिकांचे वितरण सर्वत्र सारखे नसून प्रचंड आकाराच्या पुंजक्यांत आहे, असे मानल्यास हीच गणना स्थिर स्थितीतही मिळू शकते, हे त्या तरुणाने राईल यांच्यासमोर गणिताने दाखविले. दीर्घिकांचे महासमूह आणि त्यांमधील विस्तीर्ण पोकळ्या हे वास्तव पुढे वेधांनी सिद्ध झाले. वादाचा निकाल मात्र त्याने बदलला नाही.

पीएच.डी. १९६३ मध्ये पूर्ण झाली. १९६४ मध्ये हॉईल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धांत मांडला गेला. वस्तूचे जडत्व हे तिचे स्वतःचे नसून विश्वातील इतर सर्व द्रव्यामुळे तिला प्राप्त होते, या अर्न्स्ट माख यांच्या विचाराला त्यात गणिती रूप देण्यात आले होते. हॉईल यांनी तो रॉयल सोसायटीत मांडला तेव्हा श्रोत्यांमधून एका तरुण संशोधकाने उठून आक्षेप घेतला, की विस्तारणाऱ्या विश्वात या गणितातील एक राशी अनंत होते. तो तरुण म्हणजे स्टीफन हॉकिंग. भारतात मात्र या सिद्धांताने नारळीकर रातोरात घरोघरी पोचले. १९६५ मध्ये पद्मभूषण मिळाले तेव्हा ते अवघे सव्वीस वर्षांचे होते.

नेमक्या त्याच वर्षी त्यांच्या पक्षाला सर्वांत मोठा हादरा बसला. आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना अवकाशाच्या सर्व दिशांनी सारख्याच तीव्रतेने येणारे सूक्ष्मतरंगांचे प्रारण सापडले. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर तीन अंशांहूनही कमी. महास्फोटाच्या तप्त अवस्थेचा निवत गेलेला हा अवशेष होय, असे स्पष्टीकरण पुढे आले आणि बहुतेकांनी स्थिर स्थितीचा नाद सोडून दिला.

पुण्यातली वास्तू

१९७२ मध्ये नारळीकर केंब्रिज सोडून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' अर्थात आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र स्थापन केले, त्याचे ते संस्थापक संचालक झाले आणि २००३ पर्यंत त्या पदावर राहिले. अजित केंभावी आणि नरेश दधीच हे प्रारंभापासूनचे सहकारी. चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या या वास्तूचे लोकार्पण २८ डिसेंबर १९९२ रोजी नोबेल विजेते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या हस्ते झाले. बडी संशोधन संस्था आणि साधे विद्यापीठ यांच्यात आपल्याकडे जी भिंत असते, ती पाडणे हा आयुकाचा हेतू. प्रगत साधने आणि ग्रंथालय हाताशी नसलेल्या महाविद्यालयातील प्राध्यापकाला इथे येऊन काही काळ संशोधन करता यावे, अशी योजना होती. मराठवाड्यासारख्या भागाच्या दृष्टीने नारळीकरांचे हे काम त्यांच्या कोणत्याही समीकरणाहून मोलाचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

संस्था चालवीत असतानाही मूळ वाद सुटला नव्हता. १९९० मध्ये हॅल्टन आर्प, जेफ्री बर्बिज, हॉईल, विक्रमसिंघे यांच्यासह 'नेचर' नियतकालिकात त्यांनी पर्यायी दृष्टिकोन मांडला. १९९३ मध्ये हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी 'स्थिरवत् स्थिती' म्हणता येईल असा सुधारित सिद्धांत पुढे आणला. त्यानुसार विश्वाचा दीर्घकालीन विस्तार चालूच असतो. पण त्यावर सुमारे चाळीस-पन्नास अब्ज वर्षांची आकुंचन-प्रसरणाची आवर्तने स्वार झालेली असतात. द्रव्य एकाच महास्फोटात नव्हे, तर दीर्घिकांच्या केंद्रांजवळ होणाऱ्या लहानलहान स्फोटांत जन्मते. सूक्ष्मतरंगांचे प्रारण म्हणजे जुन्या ताऱ्यांचाच प्रकाश, लोखंडाच्या सुईसारख्या सूक्ष्म कणांनी शोषून पुन्हा सोडलेला.

इथे स्पष्ट लिहिले पाहिजे, की हा सिद्धांत मान्य झाला नाही. १९९२ पासून कोबे, पुढे डब्ल्यूमॅप आणि प्लँक या उपग्रहांनी त्या प्रारणातील अतिसूक्ष्म चढउतार मोजले. ते महास्फोटाच्या गणिताशी ज्या बारकाईने जुळतात, तसे नारळीकरांच्या प्रतिमानाशी जुळत नाहीत. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे ही आज सर्वसामान्यपणे स्वीकारलेली संख्या आहे. पुराव्याचा आग्रह धरणारा शास्त्रज्ञ स्वतः पुराव्याकडे पाठ फिरवीत होता काय, असा प्रश्न काहींनी विचारलाही. नारळीकरांचे उत्तर असे, की महास्फोटवाद्यांना आपले गणित जुळविण्यासाठी कृष्णद्रव्य, कृष्णऊर्जा अशा प्रयोगशाळेत कधीही न सापडलेल्या गोष्टी गृहीत धराव्या लागतात. मग संशय एकाच पक्षावर का? या उत्तरात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्याने पहिल्या आलेल्याच्या गुणपत्रिकेतील चुका दाखवाव्यात, तसे ते थोडे होते.

मात्र एका बाबतीत त्यांच्या पक्षाची नोंद घ्यावीच लागेल. विश्वाच्या विस्ताराचा वेग मंदावत नसून वाढत आहे, हे १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांच्या वेधांवरून उघड झाले आणि या शोधाला २०११ चे नोबेल मिळाले. तेव्हा प्रचलित महास्फोट प्रतिमानाची अपेक्षा विस्तार मंदावण्याची होती. वाढत्या वेगाचे भाकीत १९४८ च्या स्थिर स्थिती सिद्धांतातच होते.

पोस्टकार्डाचा पत्ता

महाराष्ट्राला ठाऊक असलेले नारळीकर निराळे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या अपरिचित लेखकाच्या 'कृष्णविवर' कथेला पहिले पारितोषिक मिळाले. हे जगताप म्हणजे स्वतः नारळीकर. आद्याक्षरे उलटी करून नाव घेतलेले, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला यांच्याकडून लिहवून घेतलेली! 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' ही पुढची पुस्तके मराठी वाचकाला सांगायला नकोत. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे ही ती चार नगरे. मंगला नारळीकर स्वतः गणिती होत्या. 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' म्हणण्याच्या बालभारतीच्या बदलावरून २०१९ मध्ये जो गदारोळ झाला, त्याला त्यांनी शांतपणे तोंड दिले.

व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी गराडा घालीत, तेव्हा नारळीकर स्वाक्षरी देत नसत. विज्ञानातला एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही येईल, असे ते सांगत आणि पोस्टकार्ड आले की उत्तर खरोखरच धाडीत.

दिवाळी जवळ आली की गुलमंडी, औरंगपुऱ्याच्या दुकानांत पंचांगे आणि राशिभविष्याच्या पुस्तिका मांडल्या जातात. या विषयावर नुसते भाषण करून न थांबता नारळीकरांनी चाचणी घेतली. अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञांच्या साह्याने शंभर हुशार आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या पत्रिका जमविण्यात आल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका देऊन त्यांची वर्गवारी करण्यास सांगितले गेले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. अचूकतेची सरासरी ४६ टक्के. नाणे उडवूनही ५० टक्क्यांची अपेक्षा असते. हा अहवाल २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला.

नाशिक येथे डिसेंबर २०२१ मध्ये झालेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. साहित्य महामंडळाचे कार्यालय त्या वेळी याच शहरात होते. प्रकृतीमुळे नारळीकर नाशिकला जाऊ शकले नाहीत आणि त्यावरून नाराजीही व्यक्त झाली. ८३ वर्षांच्या, आजारी माणसाबद्दल ती व्यक्त व्हायला नको होती.

मंगलाताईंचे १७ जुलै २०२३ रोजी निधन झाले. २० मे २०२५ रोजी पहाटे पुण्यातील राहत्या घरी झोपेतच डॉ. नारळीकरांची प्राणज्योत मालवली; वय ८६. पद्मविभूषण २००४ मध्ये, महाराष्ट्र भूषण २०१० चा, तर विज्ञानप्रसारासाठीचा युनेस्कोचा कलिंग पुरस्कार १९९६ चा. केंद्र सरकारचा विज्ञानरत्न पुरस्कार त्यांना २०२५ मध्ये मरणोत्तर जाहीर झाला.