घासलेली शिवराई

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्या घरी देवांची सगळी उपकरणी अंगणात यायची. समया, निरांजने, पळी-पंचपात्र, तबक. भिजवलेली चिंच, चुलीतली राख आणि विटेची वस्त्रगाळ पूड घेऊन आजी मोरीच्या कट्ट्याशी बसायची. भांडी झाली की शेवटी तिच्या बटव्यातली नाणी निघत. राणीछाप रुपये, ढब्बू पैसे, भोकाचे पैसे आणि सगळ्यांत खाली लाल फडक्यात गुंडाळलेली एक शिवराई. चिंच लावली की काळवंडलेली शिवराई क्षणात लालबुंद होई. आम्हा मुलांना ती जादूच वाटे. "महाराजांच्या हातची आहे ही, नीट धर," असे आजी सांगे, आणि ती तळहातावर घेताना माझा हात खरोखरच थरथरे.

ही श्रद्धा मी मोठेपणीही सोडली नाही. पुढे बेळगावात शाळेत इतिहास शिकवू लागलो तेव्हा शिवराज्याभिषेकाचा धडा आला की शिवराई खिशातून नेत असे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांनी सोन्याचा होन व तांब्याची शिवराई स्वतःच्या नावाने पाडली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. फार्सी अक्षरांच्या नाण्यांनी भरलेल्या त्या काळात ही देवनागरी अक्षरे म्हणजे स्वराज्याचा जाहीरनामाच होता. 'होन' हा शब्द मात्र कन्नड 'होन्नु'वरून, म्हणजे सोने यावरून आलेला, हे सांगितले की वर्गातली कन्नड घरांतली मुले एकदम ताठ बसत. आपल्या भागात हा इतिहास असा दोन्ही घरचा आहे.

१९९४ साली शाळेत जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरले. शिवराई अर्थातच मधल्या टेबलावर, मखमलीवर ठेवली. शेजारी चिठ्ठी : 'शिवछत्रपतींच्या काळातील नाणे'. प्रदर्शन पाहायला रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले होते. नाण्यांचा त्यांना नाद. खिशातून भिंग काढून त्यांनी शिवराई कडेला धरून उचलली, उजेडात चारपाच वेळा तिरकी केली आणि हळूच विचारले, "सर, या नाण्याला कुणी हात लावलाय?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी भिंग माझ्या हाती दिले आणि पुढचा अर्धा तास मी आयुष्यात पहिल्यांदा ते नाणे पाहिले. तोवर मी त्याचे नुसते दर्शन घेत होतो.

ते म्हणाले, ठशाखाली नाणे पाडले जाते तेव्हा अक्षर पृष्ठभागातून वर येते आणि त्याची कड जमिनीत सहज उतरते. वापरात नाणे झिजते ते सगळीकडून झिजते. तुमच्या नाण्याभोवतीचे ठिपक्यांचे कडे पाहा, जवळजवळ सपाट झाले आहे. आणि त्याच्याच शेजारचा 'राजा' मात्र काल कोरल्यासारखा. शेजारी शेजारी राहणारे दोघे, एक म्हातारा आणि एक तरुण, असे कसे होईल? भिंगातून दिसले की अक्षरांच्या कडा उभ्या तुटलेल्या आहेत आणि भोवतीची जमीन खोलगट झाली आहे. कुणीतरी अणकुचीदार हत्याराने अक्षराच्या बाजूचे तांबे काढून अक्षराला उठाव आणला होता. हत्याराचे ओरखडेही दिसत होते. शिवाय शिवराईचा ठसा पुष्कळदा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असे, त्यामुळे एखादे अक्षर कडेबाहेर जाई. माझ्या नाण्यावर कडेला अर्धवट राहिलेला 'श्री' कुणीतरी ओढूनताणून पुरा केला होता.

"आणि हे बघा," त्यांनी नाणे उलटवले. 'छत्र' आणि 'पति' यांच्यामध्ये एक आडवी रेघ होती आणि तिच्याखाली दुसरीचा अर्धा तुकडा. दुसरी रेघ अक्षर खोदताना निम्मी उडाली होती. "ही दुदांडी शिवराई. दोन दांड्यांची. ही महाराजांच्या काळातली नव्हे, पुष्कळ नंतरची." महाराजांच्या नावाची शिवराई पुढच्या काळात, पेशवाईत आणि त्यानंतर १९व्या शतकातही बाजारात चालत होती. नाव त्यांचे, पण हात त्यांचा नव्हे.

त्या दिवशी मी चिठ्ठी उचलून खिशात टाकली. लाज वाटली, आणि खरे सांगायचे तर त्या गृहस्थांचा थोडा रागही आला. पण पुढे त्यांच्याच ओसरीवर बसून मी नाणी वाचायला शिकलो. त्यांनी शिकवलेले चार धडे दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवतो. कारण जुनी नाणी आपल्या घराघरांत आहेत, आणि ती चकचकीत करून विकणारेही आहेत.

पहिला धडा चकाकीचा. टाकसाळीतून निघालेल्या नाण्याला स्वतःचे तेज असते. ठशाच्या दाबाखाली धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. असा रुपया दिव्याखाली हळूहळू फिरवला तर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आरीसारखा नाण्यावरून फिरतो. घासलेला रुपया मात्र घासलेल्या तांब्याभांड्यासारखा सगळीकडून एकसारखा चमकतो. तारेच्या ब्रशने घासला असेल तर एकाच दिशेचे बारीक चरे दिसतात आणि अक्षरांच्या कडेला धातूची कणी साठलेली असते. राणीच्या गालावरचे केस झिजून गुळगुळीत, पण मोकळी जागा आरशासारखी, असे दिसले की ओळखावे.

दुसरा धडा रंगाचा. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते. पिवळसर, तांबूस, निळसर आणि शेवटी काळी, ही चाल वर्षानुवर्षांची असते. गंधकाच्या औषधाने एका रात्रीत आणलेला रंग पाण्यावरच्या रॉकेलच्या तवंगासारखा भडक दिसतो. युक्ती अशी की नाण्यावरचा ओरखडा शोधावा. ताज्या ओरखड्याच्या तळाशीही तोच रंग एकसारखा बसलेला असेल, तर ओरखडा आधीचा आणि रंग नंतरचा. तांब्याचेही तसेच. खरा हिरवट-तपकिरी थर धातूला घट्ट धरून असतो, लावलेला थर भुगा होऊन सुटतो. मात्र फिकट हिरवी पूड पुन्हा पुन्हा येत असेल तर तो तांब्याचा रोग समजावा आणि ते नाणे इतरांपासून वेगळे ठेवावे.

तिसरा धडा कडेचा. आपल्या मुलखात रुपयांच्या माळा लमाणी बायकांच्या गळ्यात असत, तशा शेतकऱ्यांच्या घरांतही होत्या. अडचणीच्या वर्षी माळ मोडली की रुपयाला झाळलेली कडी काढली जाते, भोक असेल तर बुजवले जाते. पुढची-मागची बाजू कितीही साफ केली तरी कडेचे दाते त्या जागी बुजलेले असतात. म्हणून नाण्याची पहिली चौकशी कडेकडे करावी. वजनही बोलते. १८३५च्या कायद्याने रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा ठरला. आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. वापराने त्यात थोडी घट येते, वाढ कधीच येत नाही.

चौथा धडा सालाचा. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया फार दुर्मीळ, १९३८चा त्या मानाने सहज मिळणारा. तेव्हा आठाचा नऊ करणारे हात तयार झाले नसते तरच नवल. अशा नाण्यात शेवटच्या आकड्याची जाडी आणि भोवतालची जमीन भिंगाखाली पाहावी.

या कामात आपल्या भाषेची साक्ष मोठी आहे. नाणे पारखणारा तो पोतदार, सरकारी खजिन्यातला मानकरी. आजही ते आडनाव गल्लोगल्ली आहे. झिजल्या किंवा परक्या मुलखातल्या नाण्यावर सराफ कापून घेई तो बट्टा, आणि तोच पुढे माणसाच्या नावाला लागू लागला. कस, कसोटी, खणखणीत, मुलामा हे शब्द पेढीवरून घरात आले आणि माणसाची पारख करू लागले.

पण माझ्या शिवराईला हात कुणी लावला होता? त्या दिवाळीला आत्या माहेरी आली. ऐंशीच्या घरातली, पण स्मरण तल्लख. मी नाणे पुढे केले आणि चाचरत विचारले. ती हसली. "तुझ्या आजोबांनीच की रे करून घेतलं. दरसाल चिंचेनं घासून अक्षरं आंधळी झाली होती. पूजेत महाराजांचं नाव दिसायला नको? मग शहापुरात सोनाराकडं बसून उघडून घेतली. मी होते की बरोबर."

मी गप्प झालो. फसवणूक नव्हतीच. भक्तीनेच घासले, आणि घासून पुसले गेले ते भक्तीनेच पुन्हा कोरले. चिंचेचे आम्ल नुसता मळ काढत नाही, दरवेळी तांब्याचा एक पातळ थर घेऊन जाते. आजीचे आणि आजोबांचे प्रेम दोन्ही खरे, पण त्या दोघांच्या प्रेमात नाण्याची स्वतःची साक्ष गेली. आता त्यावरचे 'राजा' हे अक्षर १७व्या शतकाचे नाही आणि १९व्याचेही नाही. ते माझ्या आजोबांचे आहे.

सीमेवर राहणाऱ्या माणसाला हे जास्त लागते. आपण सारे आपल्या वाट्याचा इतिहास उजळून देव्हाऱ्यात ठेवतो, आणि पलीकडच्या गल्लीतही तेच चालते. ऐन पेशवाईत ज्या रुपयांनी व्यवहार चाले, त्या अंकुशी आणि चांदवडी रुपयांवर दिल्लीच्या बादशहाचे नाव फार्सीत आहे. कुणाला ते अडचणीचे वाटले म्हणून खरवडून चालत नाही. खरवडलेल्या नाण्याला बाजारात किंमत नसते, एवढे तरी सराफाकडून शिकावे.

पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात शिवराई पुन्हा ठेवली. चिठ्ठी नवी लिहिली : 'दुदांडी शिवराई. अक्षरे नंतर कोरून घेतलेली. एका घराच्या देव्हाऱ्यातून.' मुलांनी त्या वर्षी तिच्यासमोर जास्त वेळ काढला. भिंगासाठी रांग लागली होती.

आता लक्ष्मीपूजनाला समया घासल्या जातात, नाणी नाही. शिवराई नुसती मऊ कोरड्या फडक्यावर ठेवतो. इतक्या वर्षांत ती पुन्हा तपकिरी होऊ लागली आहे. अर्धी राहिलेली ती दांडी मात्र अजून तशीच आहे.